एन-रोड्स सिम्युलेटर: पडद्यावर लावा, पण शेजारी फळा हवा

एन-रोड्स म्हणजे जगाची ऊर्जाव्यवस्था आणि हवामान यांचे एकत्र चालणारे सिम्युलेटर. ब्राउझरमध्ये उघडते, फुकट आहे, खाते काढावे लागत नाही. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था, अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाची स्लोन व्यवस्थापन शाखा आणि व्हेंटाना सिस्टिम्स ही कंपनी यांनी ते मिळून तयार केले आणि २०१९ च्या अखेरीस सर्वांसाठी खुले केले. हे परीक्षण एकाच वापरापुरते आहे. वीज, इमारती, वाहने, कारखाने यांत काम करणारे इंजिनिअर नागरिकांसमोर बसून पुढच्या तीस-पन्नास वर्षांच्या ऊर्जेबद्दल बोलतात, तेव्हा हे साधन पडद्यावर लावावे का? जरूर लावावे. मात्र शेजारी फळा आणि फळ्यावर हिशेब मांडणारा इंजिनिअर नसेल, तर लावू नये.

पडद्याची मांडणी साधी आहे. वर दोन आलेख: डावीकडे जगाची प्राथमिक ऊर्जा (वीज किंवा इतर रूपात बदलण्याआधीची मूळ ऊर्जा) कुठून येते त्याचे रंगीत पट्टे, उजवीकडे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन. त्यांच्या बाजूला एक मोठा आकडा, २१०० सालापर्यंतची तापमानवाढ. खाली दीड डझनाच्या आसपास स्लायडर. कोळसा, तेल, वायू, जैवऊर्जा, अपारंपरिक ऊर्जा, अणुऊर्जा, कार्बनची किंमत (उत्सर्जनावर आकारली जाणारी रक्कम), वाहनांची आणि इमारतींची कार्यक्षमता, त्यांचे विद्युतीकरण, लोकसंख्या, आर्थिक वाढ, जंगले, शेती, हवेतून कार्बन काढून घेणे. एकही स्लायडर हलवला नाही तर तापमानाचा आकडा अलीकडच्या आवृत्तीत ३.३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो; आधीच्या आवृत्तीत तो ३.६ होता. स्लायडर हलवला की सेकंदाच्या आत सगळे आलेख नव्याने काढले जातात. या वेगाची किंमत सभेत कळते. माणसाने प्रश्न विचारला आणि उत्तर पुढच्या आठवड्यात आले, तर तोवर त्याचा प्रश्नही विझलेला असतो आणि उत्सुकताही.

साधनाची खरी ताकद पाहायची तर कोळशापासून सुरुवात करावी. स्लायडर कराच्या टोकाकडे नेण्याआधी समोरच्यांना विचारावे, तापमान किती उतरेल? बहुतेकांचा अंदाज एक अंशाच्या पुढे जातो. मग स्लायडर हळूहळू सरकवावा आणि डावीकडच्या आलेखावर बोट ठेवावे. कोळशाचा तपकिरी पट्टा बारीक होत जातो, पण त्याच वेळी वायूचा निळा पट्टा जाड होतो. अपारंपरिक ऊर्जेचा हिरवाही वाढतो. एकूण उंची थोडीच कमी होते आणि तापमान काही दशांशांनीच खाली येते. हे असे का, ते इंजिनिअरने तिथेच सांगायला हवे. करामुळे कोळसा महागला, पण लोकांची विजेची आणि उष्णतेची गरज जागच्या जागी राहिली. ती गरज जो स्वस्त पडेल त्याच्याकडे वळली, आणि वायू हे सुद्धा जीवाश्म इंधनच आहे. फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो, तसे हे होते.

त्यानंतर रीसेट करून अपारंपरिक ऊर्जेला भरपूर अनुदान देऊन पाहावे. हिरवा पट्टा फुगतो, आकडा मात्र एखाद-दोन दशांशांनीच हलतो. सौर आणि पवनऊर्जेत आयुष्य घातलेल्या माणसाला हे पाहून वाईट वाटते आणि प्रारूप चुकीचे आहे असे तो म्हणतो. त्याला तिथेच गप्प करू नये; त्याच्या आक्षेपातूनच पुढचा धडा निघतो. ऊर्जा स्वस्त झाली की एकूण मागणी थोडी वाढते, हे एक कारण. आधी बांधलेले प्रकल्प इंधनाचा खर्च निघतो तोवर चालूच राहतात, हे दुसरे. आणि सर्वांत मोठे तिसरे: सौर पॅनेलमधून वीज येते, पण रस्त्यावरची बहुतेक वाहने तेलावर चालतात. विजेला तेलाची जागा घ्यायची तर वाहनाचे इंजिन बदलावे लागते. म्हणून आता वाहनांच्या आणि इमारतींच्या विद्युतीकरणाचे स्लायडरही पुढे करावेत. सौर-पवन एकटे, विद्युतीकरण एकटे, आणि दोन्ही एकत्र, अशा तीन वेळा आकडा फळ्यावर लिहून घ्यावा. एकटे विद्युतीकरण केले तर तेल घटते, पण वाहनांची वीज कोळशातून येत राहते. दोन्ही जोडीने लावले की पट्ट्यांचे रूपच बदलते. ‘सगळे एकमेकांशी जोडलेले आहे’ हे वाक्य भाषणात ऐकून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. या तीन आकड्यांनी शिरते.

दुसरी जमेची बाजू म्हणजे काळाची जाणीव. कोळशाच्या स्लायडरवरचे तीन ठिपके दाबले की सविस्तर पर्याय उघडतात. त्यात नवे कोळसा प्रकल्प बांधणे अमुक वर्षी थांबवायचे अशी सोय आहे. ते वर्ष जवळचे टाकले तरी तपकिरी पट्टा त्या वर्षी कोसळत नाही, उतारावरून हळूहळू घसरतो. कारण उघड आहे: कोळशाचे वीजकेंद्र तीस-चाळीस वर्षे चालते, मोठा ट्रान्सफॉर्मर तेवढाच, मोटारगाडी बारा-पंधरा वर्षे, इमारत पन्नासहून जास्त. आजपासून विकली जाणारी प्रत्येक गाडी विजेची असली, तरी रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या बदलायला सहा-सात वर्षे लागतात. जुन्या साधनांचा हा साठा इंजिनिअरला रोज दिसतो, नागरिकाला दिसत नाही. चर्चेत तो दिसू लागला की ‘२०४० साली ठरवू’ असे म्हणणारे आपोआप थबकतात. २०४० मध्ये बांधलेले केंद्र २०७५ मध्ये चालू असेल, ही बेरीज कोणालाही करता येते. ‘नवे शून्य-कार्बन तंत्रज्ञान’ या स्लायडरचेही तेच. त्यात शोध लागण्याचे वर्ष आणि बाजारात यायला लागणारा काळ वेगवेगळे बदलता येतात. उद्या शोध लागला असे धरले तरी तो पट्टा जाड व्हायला दशके जातात.

उत्सर्जन आणि साठा यांतला फरकही इथे चांगला उलगडतो. आलेखांच्या यादीतून हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण निवडून उत्सर्जनाच्या आलेखाशेजारी लावावे. उत्सर्जनाची रेषा खाली झुकू लागल्यावरही प्रमाणाची रेषा चढतच राहते, आणि सभेतून हमखास प्रश्न येतो की हे चुकले का. चुकलेले नाही. पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. नळ अर्धा बंद केला, पण तळाच्या छिद्रातून जाणारे पाणी अजूनही नळाच्या धारेपेक्षा कमी असेल, तर पातळी वाढणारच, फक्त सावकाश. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा भाग समुद्र आणि जमीन शोषून घेतात, उरलेला हवेत साचतो. औद्योगिक युगाआधी दशलक्षात सुमारे २८० भाग असलेले प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे. जाहीर संवादात हवामानाबद्दल एकच गोष्ट नीट समजावायची झाली तर ही टाकी समजवावी.

आता फळ्याकडे वळू.

पहिली अडचण एककांची. आलेखाच्या उभ्या अक्षावर एक्झाज्यूल आहेत. हे एकक ऐकून सामान्य माणसाच्या मनात काहीच उमटत नाही आणि खरे तर बऱ्याच इंजिनिअरच्याही नाही. सभा सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात रूपांतर लिहून ठेवावे आणि शेवटपर्यंत पुसू नये. १ एक्झाज्यूल म्हणजे सुमारे २७८ टेरावॉट-तास, म्हणजे २७,८०० कोटी युनिट. जगाची प्राथमिक ऊर्जा वर्षाला सुमारे ६०० एक्झाज्यूल आणि माणसे सुमारे ८०० कोटी. भागाकार केला की माणशी दिवसाला ५७ युनिट येतात. हा आकडा घरच्या वीजबिलाशी ताडून पाहता येतो. बिलात दिसते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा आपल्या नावावर कारखान्यात, रस्त्यावर, खतात, सिमेंटमध्ये खर्च होते, हे कळल्यावर चर्चा दिवे बंद करण्यापुरती राहत नाही.

मेगावॉट (एका क्षणी किती वीज देता येते) आणि मेगावॉट-तास (ठरावीक काळात एकूण किती वीज मिळाली) यांची गल्लतही पहिल्या पंधरा मिनिटांतच निकालात काढावी, नाहीतर पुढे प्रत्येक वाक्यावर गाडे अडते. जगातली सौर क्षमता २०२२ मध्ये एक टेरावॉट (दहा लाख मेगावॉट) ओलांडून गेली आणि २०२४ मध्ये दोन टेरावॉटच्या घरात पोहोचली. वेग खरोखर थक्क करणारा आहे. मग पडद्यावरचा हिरवा पट्टा इतका अरुंद का? गणित करून दाखवावे. सौर पॅनेल रात्री, ढगात आणि सकाळ-संध्याकाळी पूर्ण ताकदीने चालत नाही. जगाच्या सरासरीने क्षमतेच्या १४ टक्के धरले, तर दोन टेरावॉटमधून वर्षाला सुमारे अडीच हजार टेरावॉट-तास मिळतात. जगाची एकूण वीज सुमारे तीस हजार टेरावॉट-तास. म्हणजे विजेच्या आठ टक्के. आणि प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेत वीज आहे सुमारे एक पंचमांश. या तीन ओळी फळ्यावर आल्या की सौरऊर्जेवर टीका करणारा आणि तिची भलामण करणारा दोघेही एकाच कागदाकडे पाहू लागतात.

प्राथमिक ऊर्जेचा आलेख आणखी एका बाबतीत फसवा आहे, आणि या साधनाबद्दलचा सर्वांत मोठा तांत्रिक आक्षेप तोच. कोळशाच्या पट्ट्यात जाळलेली सगळी उष्णता मोजली जाते. तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग शीतकरण मनोऱ्यातून आणि धुरांड्यातून निघून जातो. ३७ टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रात एक युनिट विजेसाठी २.७ युनिट उष्णता जाळावी लागते. पेट्रोलची गाडी शंभर किलोमीटरला सहा लिटर घेते असे धरले तर ती ५४ युनिटच्या आसपास ऊर्जा खाते. त्याच आकाराची विजेची गाडी १६ ते १८ युनिटमध्ये तेवढेच अंतर जाते. खोली उबदार करायला ९ युनिट उष्णता हवी असेल, तर वायूच्या बॉयलरला १० युनिट वायू लागतो, हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणाऱ्या यंत्राला) ३ युनिट वीज पुरते. तेव्हा ‘सहाशेच्या सहाशे एक्झाज्यूल सौर-पवनमधून काढावे लागतील, ते अशक्य आहे’ हा युक्तिवाद सभेत आला की तो तिथेच थांबवावा. लागणारी कामे तीच राहतात, वाया जाणारी उष्णता जाते. यासाठी आलेखांच्या यादीतला अंतिम ऊर्जावापराचा आलेख काढून शेजारी लावावा.

पण इथे इंजिनिअरने उत्साहाच्या भरात वाहून जाऊ नये. हीट पंपाचा तीनपट फायदा कमी तापमानाच्या उष्णतेला मिळतो. भट्टीतल्या हजार-दीड हजार अंशांना तो लागू नाही. सिमेंटच्या उत्सर्जनातला सुमारे साठ टक्के भाग तर इंधनातून येतच नाही. चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी पूर्ण विजेवर चालवली तरी तो सुटणारच. हे न सांगता सगळे विद्युतीकरणाने सुटेल असे म्हणणारा वक्ता पहिल्याच जाणकार प्रश्नाला अडकतो, आणि मग त्याचे बरोबर असलेलेही कोणी ऐकत नाही.

आता साधनात मुळातच नसलेली गोष्ट. एन-रोड्स वर्षांच्या हिशेबात चालते, त्यात दिवस आणि रात्र नाहीत. साठवणुकीचा विचार त्यात खर्चाच्या रूपाने येतो, तासांच्या रूपाने येत नाही. नागरिकांचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न मात्र तासांचाच असतो: सूर्य मावळल्यावर काय? याचे उत्तर पडद्यावर शोधू नये. फळ्यावर एक छोटी वस्ती घ्यावी आणि हिशेब सगळ्यांसमोर, न घाई करता मांडावा.

संध्याकाळी सहा ते अकरा, पाच तास, भार १०० मेगावॉट. गरज ५०० मेगावॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत, ९० टक्केच वापरतात. बाहेर पडताना काही टक्के गळतात. म्हणून बसवायची बॅटरी ६०० मेगावॉट-तासांची. वापरात तिची क्षमता घटत जाते. ८० टक्क्यांवर आल्यावरही संध्याकाळ निभावायची असेल तर सुरुवातीलाच ७५० ची घ्यावी लागते किंवा मधल्या काळात भर घालावी लागते. भरण्या-काढण्यात मिळून चौदा टक्के जातात असे धरले तर दिवसा ५८० मेगावॉट-तास भरावे लागतील. एक मेगावॉट सौर प्रकल्प चांगल्या उन्हात सरासरी दिवसाला ४.८ मेगावॉट-तास देतो. म्हणजे निव्वळ या संध्याकाळसाठी १२० मेगावॉट पॅनेल, दिवसाची गरज वेगळी. मळभाच्या ऋतूत तीच पॅनेले ३ मेगावॉट-तासांवर आली तर आकडा १९० च्या वर जातो. मेगावॉटला दीड ते दोन हेक्टर जागा धरा. १२० मेगावॉटला १८० ते २४० हेक्टर.

इथपर्यंत हिशेब जमतो. आता विचारावे: सलग तीन दिवस ढग आले तर? सरासरी भार ७० मेगावॉट धरला तर तीन दिवसांना ५,००० मेगावॉट-तासांहून जास्त लागतील, मघाच्या ६०० च्या बॅटरीच्या आठपट. आणि ही प्रचंड बॅटरी वर्षातून मोजक्याच वेळा कामाला येईल. रोज वापरलेल्या बॅटरीचा खर्च तीनशेहून जास्त फेऱ्यांत वाटला जातो, हिचा पाच-दहा फेऱ्यांत. म्हणूनच तीन दिवसांचा प्रश्न बॅटरीने सोडवत नाहीत. त्याला पवन, जलविद्युत, उंचावर पाणी चढवून ठेवणारे प्रकल्प, दूरच्या प्रदेशांना जोडणाऱ्या पारेषण वाहिन्या आणि क्वचित चालणारी राखीव केंद्रे लागतात. कोणते मिश्रण घ्यायचे हा निव्वळ तांत्रिक निर्णय नाही. वाहिनी कोणाच्या शेतावरून जाणार, धरण कोणाच्या खोऱ्यात होणार, राखीव केंद्राचा धूर कोणाच्या वाट्याला येणार, हे नागरिकांनीच बोलायचे आहे. इंजिनिअरचे काम पर्याय खरे, पूर्ण आणि आकड्यांसह मांडण्याचे.

याच हिशेबात नागरिकांच्या हातात असलेली एक कळ दिसते. संध्याकाळच्या १०० मेगावॉटपैकी पाणी चढवणे, गाड्या चार्ज करणे, पाणी तापवणे अशी २० मेगावॉटची कामे दुपारी सरकवली, तर बॅटरी ६०० वरून ४८० वर येते. सभेत हा आकडा लिहिल्यावर लोक ताठ बसतात, कारण आतापर्यंत सगळे त्यांच्यावर होणारे होते, हे त्यांना करता येणारे आहे.

तासांचा आलेख दाखवायचाच असेल तर पीव्हीजीआयएस हे युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचे मोफत साधन जोडीला घ्यावे. त्यातून निवडलेल्या ठिकाणाची ताशी सौर निर्मिती फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. एक स्वच्छ दिवस आणि एक ढगाळ आठवडा असे दोनच आलेख पुरतात.

प्रत्यक्ष सभा कशी घ्यावी याबद्दल थोडे. दोन तास लागतात. दीडात उरकायचे म्हटले तर चर्चा कापली जाते आणि नुसते प्रात्यक्षिक उरते. एकाने संगणक सांभाळावा, दुसऱ्याने फळा, आणि दोन्ही कामे एकाकडे देऊ नयेत, कारण स्लायडरकडे पाहणारा माणूस माणसांकडे पाहत नाही. प्रत्येक स्लायडरआधी अंदाज कागदावर लिहून घ्यावेत. मनातला अंदाज उत्तर पाहताच बदलतो, कागदावरचा बदलत नाही. एका वेळी एकच कळ. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी सगळेच टोकाला ओढा म्हणते, आणि ओढले की आकडा चांगला येतो पण का आला ते कोणालाच कळत नाही. शेवटचा बदल पुन्हा दाखवण्याचे बटण आहे, ते सढळपणे वापरावे. मागे बसलेल्यांची नजर पहिल्या वेळी चुकीच्या आलेखावर असते.

हमखास येणारा पेच कार्बनच्या किमतीचा. एकट्या कळांमध्ये ती सर्वांत जोरकस आहे, कारण ती सगळ्या इंधनांवर एकाच वेळी काम करते. हे लक्षात आले की सभेत समाधानाची लाट येते आणि चर्चा तिथेच संपू पाहते. तेव्हा ऊर्जेच्या खर्चाचा आलेख उघडावा. पहिल्या काही दशकांत तो चढतो. कोणाचा खर्च चढेल, जमा झालेला पैसा कुठे जाईल, कमी उत्पन्नाच्या घराला तो परत कसा मिळेल, यांपैकी कशाचेच उत्तर साधन देत नाही, आणि ते देऊही शकत नाही. झाडांचेही तसेच. वृक्षलागवडीचा स्लायडर सर्वांना आवडतो, पण लागणाऱ्या जमिनीचा आलेख लावल्यावर खोलीतला आवाज बदलतो. अणुऊर्जेला अनुदान दिले तर तिचा पट्टा वाढताना हिरवा थोडा आक्रसतो, आणि दोन्ही बाजूंचे इंजिनिअर एकमेकांवर तुटून पडतात. कोण कोणत्या क्षेत्रात नोकरी करतो ते सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलेले असेल तर लोक हे भांडणही शांतपणे ऐकून घेतात.

आकड्याच्या दशांशावर कोणी वाद घालू लागला तर गृहीतकांचे पान उघडावे. तिथे हवामानाची संवेदनशीलता बदलता येते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर शेवटी किती अंश वाढ होते ते. मूळ मूल्य ३ आहे. आयपीसीसीच्या (हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या) २०२१ च्या अहवालात संभाव्य पल्ला २.५ ते ४ असा दिला आहे. ही दोन टोके टाकून पाहिली की १.९ आणि २.१ यांच्यात भांडण्यासारखे काही नाही हे दिसते, आणि दिशा मात्र दोन्हीकडे तीच राहते हेही.

उणिवांची यादी लांबवता येईल, पण महत्त्वाच्या थोड्याच. सगळे जग एकच घटक धरलेले आहे, त्यामुळे ‘आमच्या भागाचे काय’ याला उत्तर नाही. पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे, तांबे, कुशल तंत्रज्ञ यांची टंचाई दिसत नाही. सविस्तर पर्यायांची भाषा धोरणतज्ज्ञांची आहे. ग्रिडची वारंवारिता, जड फिरणारी जनित्रे कमी झाल्यावर येणारी अस्थिरता, हे या साधनाच्या आवाक्याबाहेरचे विषय, आणि तेही फळ्यावरच.

ज्यांना करांऐवजी यंत्रे मोजायची आहेत त्यांना दुसरे साधन जास्त रुचेल. ब्रिटनच्या ऊर्जा खात्याने २०१० मध्ये डेव्हिड मॅके या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ‘२०५० कॅल्क्युलेटर’ काढला; पुढे अनेक देशांनी आपापल्या आवृत्त्या केल्या आणि २०१५ मध्ये जगासाठीही एक आली. त्यात प्रत्येक क्षेत्राला प्रयत्नांच्या चार पातळ्या आहेत: किती पवनचक्क्या, किती घरांना उष्णतारोधन, किती विजेच्या गाड्या. तुम्ही परिणाम निवडता आणि ते बेरीज करते. एन-रोड्समध्ये तुम्ही धोरण निवडता आणि ते परिणाम काढते. इंजिनिअरला पहिले जवळचे वाटते, कारण त्याची मूळ स्प्रेडशीट उघडून पेशीन् पेशी तपासता येते. पण फुगा दुसरीकडून फुगण्याचा प्रकार त्यात दिसत नाही, आणि नागरिकांच्या सभेत तोच दाखवणे सर्वांत गरजेचे असते. म्हणून पहिल्या सभेला एन-रोड्स, आणि तीच माणसे पुन्हा आली तर दुसऱ्या सभेला कॅल्क्युलेटर.

मोठ्या गटासाठी एन-रोड्ससोबत भूमिकांचा खेळही मिळतो. सरकारे, पारंपरिक ऊर्जा, स्वच्छ तंत्रज्ञान, उद्योग-व्यापार, जमीन-शेती-जंगल आणि हवामान न्यायाचा आग्रह धरणारे, असे सहा गट करतात आणि प्रत्येक गट आपापल्या बाजूने धोरण मांडतो. इंजिनिअरांना मुद्दाम आपल्या क्षेत्राबाहेरच्या गटात बसवावे. तेलाच्या बाजूने बोलावे लागलेला पवनऊर्जेचा माणूस अर्ध्या तासात साठ्याचे, गुंतवणुकीचे आणि नोकऱ्यांचे प्रश्न ज्या बारकाईने मांडतो, तसे तो आपल्या बाजूने बोलताना कधीच मांडत नाही.

सभा संपताना तयार झालेल्या चित्राची लिंक सर्वांना पाठवता येते. स्लायडरची सगळी मूल्ये त्या लिंकमध्येच साठवलेली असतात, त्यामुळे घरी उघडून कोणीही पुढे छेडछाड करून पाहू शकतो. लिंकसोबत तारीख जरूर लिहावी. प्रारूप अधूनमधून सुधारले जाते आणि वर्षभराने तीच लिंक वेगळा आकडा दाखवू शकते. तारीख नसेल तर लोकांना वाटते की त्या दिवशी आपल्याला खोटे सांगितले होते. कोणती गृहीतके बदलली होती ते दोन ओळींत टाकावे. आणि फळा पुसण्याआधी संध्याकाळच्या त्या हिशेबाचा फोटो काढून त्याच संदेशात जोडावा, सहा ते अकराच्या पहिल्या ओळीपासून ४८० च्या शेवटच्या आकड्यापर्यंत.